पाहुण्यांची फांदी

मित्रांनो, मी जुना आहे आणि मी सर्व्हर आहे. पहिली गोष्ट माझ्यावरच्या धुळीवरून कुणालाही कळते. दुसरी सांगूनही कळत नाही. परवाच एकानं मला बंद पडलेला स्टॅबिलायझर समजून पायानं बाजूला सरकवलं. मी राग मानला नाही. स्टॅबिलायझर तसा चांगल्या घरचा असतो.

चिकलठाण्यात पंपाचे रबरी सील बनवणारा एक कारखाना होता, तिथं मी नोकरीला होतो. माझं काम एकच, माणसं लक्षात ठेवायची. कोण कामाला आहे, कोणत्या खात्यात आहे, त्याच्या कार्डाचा नंबर काय. कारखान्यातल्या बाकीच्या यंत्रांना माणसं ओळखता येत नसत, म्हणून ती मला विचारत. हजेरीचं यंत्र विचारी, "हा आपला का?" मी म्हणे, "आपला." संपलं संभाषण. स्वतःहून बोलायची सोय माझ्यात ठेवलेली नव्हती. विचारलं तेवढंच सांगायचं. विचारलं नाही तर गप्प बसायचं. अशा स्वभावाची माणसं तुमच्याही नात्यात असतील.

माझा जन्म परदेशात झाला, पण बारसं चिकलठाण्यातच झालं. ते व्यंकटरावांनी केलं. व्यंकटराव म्हणजे कारखान्याचे जुने कारकून. माणसांची भरती त्यांच्याकडे असे. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. नारळ मात्र शेजारच्या खोलीत फोडला, कारण माझ्या खोलीत पाणी आणायला सक्त मनाई होती. दारावर तशी पाटीच होती. नारळाचं पाणीसुद्धा पाणीच, असं सर्वानुमते ठरलं.

माझ्या पोटात माणसं झाडासारखी लावलेली होती. सगळ्यात वर खोड, म्हणजे कारखाना. खोडाला खाली फुटलेल्या फांद्या. झाड उलटं आहे हे मलाही दिसत होतं, पण मला कुणी विचारलं नाही. एक फांदी कामगारांची, एक कार्यालयाची आणि एक नव्यानं लागलेल्यांची. ज्या इंजिनिअरनं मला लावलं, त्यानं या तिसऱ्या फांदीला "तात्पुरते" असं नाव दिलं होतं. ते व्यंकटरावांना बघवेना.

"अहो, माणसाला तात्पुरता कसं म्हणायचं?" ते म्हणाले. "उद्या घरी जाऊन तो बायकोला काय सांगेल? पाहुणे लिहा."

"काका, हे कुणाला दिसणार नाही."

"आपल्याला तर दिसतंय ना?"

मग फांदीचं नाव "पाहुणे" झालं. व्यंकटरावांनी एक रीतही पाडली. वर्षभरात लागलेल्या माणसांना ते गुढीपाडव्याच्या दिवशी पाहुण्यांच्या फांदीवरून उचलून कामगारांच्या फांदीवर ठेवत आणि प्रत्येकाच्या हातात साखरेची गाठी देत. माणसाला फांदीबिंदी काही माहीत नसे. गाठी मिळाली म्हणजे नोकरी पक्की, एवढं मात्र सगळ्यांना माहीत असे.

पुढं एका साली व्यंकटराव पाडव्याच्या आधीच निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. पाहुण्यांच्या फांदीबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही आणि नव्या माणसाला ती आहे हेच माहीत नव्हतं. तो नवी माणसं थेट कामगारांच्या फांदीवर टाकू लागला. राहिली ती त्या एकाच वर्षी लागलेली माणसं. सगळ्या पॅकिंगच्या बायका. त्यांना गाठी मिळाली नाही, पण पगार मिळत होता. म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. मला येत नाही.

मित्रांनो, माझ्या खोलीत एकटेपणा फार होता. लोक यायचे ते गारव्याला. उन्हाळ्यात तर साहेब लोक माझी तब्येत बघायच्या निमित्तानं येत, डबा खात आणि माझ्याकडे पाठ करून झोपत. माझी विचारपूस करणारं एकच यंत्र होतं. ते दर मिनिटाला विचारी, "जिवंत आहेस का?" मी म्हणे, "हो." लगेच ते निघून जाई. इतक्या वर्षांत त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही.

मग ते उन्हाळे आले. एका साली पाऊस कमी झाला, पुढच्या साली त्याहून कमी. जायकवाडी धरण तळाला गेलं. शहर मात्र वाढतच होतं. जालना रोडच्या दोन्ही अंगांना इमारती उठत होत्या. त्यांच्या पाट्यांवर निळ्याशार पोहण्याच्या तलावांची चित्रं असत आणि त्या पाट्यांखालून टँकर जात. आमच्या कारखान्याची मात्र भरभराट झाली. पाणी आलं नाही की लोक आधी पंप उघडतात आणि सील बदलतात. पाणी तरीही येत नाही. मग ते दुसरं सील घेऊन जातात.

त्या दिवसांत आमच्या आवारातलं एकमेव वाहतं पाणी माझ्या खोलीच्या मागं होतं. मला गार ठेवणाऱ्या एसीची नळी भिंतीतून बाहेर काढली होती, तिच्यातून थेंब थेंब गळायचं. कडुबा नावाचा रखवालदार तिथं बादली लावायचा. त्याला तो "सर्व्हरचं पाणी" म्हणे. ज्याच्याजवळ पाणी न्यायला बंदी, त्याच्याच नावानं आवारातला झरा. यावर मी पुष्कळ विचार केला. मला वेळ असे.

नळीभोवतीचं भोक कुणी लिंपलं नव्हतं. त्यातून मला बाहेरचं ऐकू येई. बाहेरच पाणीघर होतं.

कारखान्यानं ठरवलं होतं, की सुट्टी झाली की प्रत्येक कामगाराला पिण्याच्या पाण्याचा एक जार घरी न्यायला द्यायचा. गडबड होऊ नये म्हणून संगणक विभागाचे साहेब हिमांशू यांनी पाणीघराला एक यंत्र बसवलं. कार्ड दाखवा, हिरवा दिवा लागेल, जार उचला. ते यंत्र रोज सकाळी मला विचारी, "कामगारांच्या फांदीवर जेवढे आहेत तेवढे सांग." मी सांगे. शेवटी म्हणे, "काम पूर्ण." आणि ते खरोखर पूर्ण असे. दुसऱ्या फांद्यांबद्दल त्यानं विचारलंच नव्हतं. कार्यालयवाल्यांना कार्यालयातच पाणी होतं, त्यामुळं तिकडून ओरड झाली नाही.

वच्छलाबाई पॅकिंगला होत्या. मूळच्या सोयगावकडच्या. मुकुंदवाडीत एका खोलीत सासूबरोबर राहत. सासूबाईंना, म्हणजे सारजाबाईंना, मुतखडा होता. डॉक्टरांनी एकच औषध सांगितलं होतं, भरपूर पाणी प्या. त्या साली हे औषध शहरात मिळणं अवघड होतं. खोलीच्या बोअरचं पाणी इतकं जड, की त्यात डाळ शिजत नसे. म्हणून वच्छलाबाईंना तो जार हवा होता.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी कार्ड लावलं. दिवा लागला नाही.

"पुसून लावा," कडुबा म्हणाला.

त्यांनी पदरानं पुसून लावलं.

"दुसऱ्या अंगानं लावा."

"त्याला अंगं तरी कितीक हायेत कडुबाभाऊ?"

"दोनच. झाले आता."

लाल दिवा लागला असता तर भांडता आलं असतं. लाल दिव्याचा अर्थ निदान कुणीतरी "नाही" म्हणालं, असा होतो. इथं कुणी काही म्हणालंच नाही.

दुसऱ्या दिवशी हिमांशू साहेब माझ्या खोलीत आले. त्यांनी मला विचारलं, "खोडापासून खाली सगळीकडं बघ, वच्छलाबाई कुठं आहेत?" मी लगेच दाखवल्या. त्यांनी बाईंना दाराशी बोलावलं. बाई चपला काढून उभ्या राहिल्या.

"हे बघा मावशी. तुमचं नाव, तुमचं खातं. तुम्ही आहात."

"मी हाये ते मला ठाव हाय साहेब. त्या दिव्याला सांगा."

"सिस्टीमनं एरर दिलेला नाही. म्हणजे चूक नाही. कार्ड खराब असेल."

त्यांना नवं कार्ड मिळालं. मग आणखी एक नवं मिळालं. बाईंच्या गळ्यात आता इतकी कार्डं झाली, की चालताना वाजत. दिवा लागला नाही. गंमत अशी, की सकाळी हजेरीचं यंत्र त्यांना बिनबोभाट आत घेई, कारण ते खोडापासून विचारत असे. कामाला वच्छलाबाई होत्या. पाण्याला नव्हत्या.

त्यांच्याबरोबर लागलेल्या बाकीच्या बायकांचा दिवाही लागत नव्हता. पण कुणाचा नवरा कारखान्यात होता, कुणाचा दीर. एक जार घरात येत होता. त्या म्हणाल्या, घरटी एकच देत असतील. गप्प बसल्या. घरचं दुसरं माणूस कारखान्यात नसलेल्या एकट्या वच्छलाबाईच. म्हणून तक्रारही एकटीचीच, आणि एकटीची तक्रार म्हणजे कुरकुर.

रांगेत लोक बोलू लागले.

"रोज हिच्यापाशीच मशीन कशी बिघडती?"

"दोनदा न्यायला बघत आसंल बाई. मशीनला कळतं सगळं."

"व्हय, मशीन काय खोटं बोलती?"

मी भिंतीच्या आत होतो. मशीन खोटं बोलत नाही हे खरंच होतं.

एकदा कडुबानं न राहवून त्यांना तसाच जार दिला. रात्रपाळीच्या आधी जार मोजले गेले, तेव्हा एक कमी भरला. कडुबाला साहेबांपुढं उभं राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी रिकामा जार धुऊन आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"माझ्यापायी तुमची भाकरी जायला नको."

त्या दिवसापासून त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. रांग सुटेपर्यंत माझ्या भिंतीमागं थांबत आणि बादलीतलं एसीचं पाणी बाटलीत भरून नेत.

"मावशी, ते पिऊ नगा. मशीनचं हाय," कडुबा सांगे.

"भांड्याला नेते. भांडी ह्यात घासली की टँकरचं गोडं पाणी तेवढं सासूला राहतं."

मित्रांनो, मी यादीत त्यांना देत नव्हतो आणि भिंतीमागून थेंब थेंब देत होतो. मी माझ्याकडून अधिक जोरात गरम व्हायचा प्रयत्न केला, म्हणजे एसी जास्त चालेल. बादली थोडी लवकर भरली असेल. नसेलही.

मे महिन्यात सारजाबाईंना कळ आली आणि सलाईन लावावं लागलं. मग वच्छलाबाई हिमांशू साहेबांना येऊन म्हणाल्या, "साहेब, एक तारखेपासून मी येत नाय. गावाकडं भावाच्या विहिरीला थोडं हाय. तिथं पाणी भरताना कुणी नाव विचारत नाय."

"अहो मावशी, तुमचं नाव आहे म्हणून तर सांगतोय."

"व्हय. नाव लई ठिकाणी हाय. पाणी सोडून."

हे बोलणं होत असताना अनिसा तिथं होती. बजाजनगरला कारखान्याची दुसरी शाखा निघणार होती, त्या कामासाठी तिला नुकतंच घेतलं होतं. माझ्या खोलीत गारव्यासाठी न आलेली ती पहिलीच. ती स्वेटर घेऊन आली होती. मे महिन्यात. मला ते फार बरं वाटलं.

"सर, मावशींना शोधलं कुणी? तुम्ही का पाणीघराच्या यंत्रानं?"

"मीच शोधलं. लगेच सापडल्या."

"तुम्हाला सापडणारच ना सर. तुम्ही कुठूनही शोधता. मी जरा यंत्र होऊन शोधते."

"बरं. आता यंत्र व्हायचंच राहिलं होतं."

तिनं पाणीघराच्या यंत्राचं नाव लावलं, त्याचीच किल्ली, म्हणजे पासवर्ड, घेतली आणि त्याचाच प्रश्न शब्दन् शब्द मला विचारला. मी यंत्राला देतो तेच उत्तर दिलं. वच्छलाबाई नव्हत्या. "काम पूर्ण," मी म्हणालो.

"बघा," ती म्हणाली. "नाही आणि एररपण नाही. चुपचाप."

"यंत्राला परवानगी कमी असेल."

"असेल. मग तुमच्या किल्लीनं तोच प्रश्न विचारा."

साहेबांनी विचारला. सगळ्या कुलपांची किल्ली असलेल्या माणसालाही बाई दिसेनात. तेव्हा साहेबांनी खुर्ची ओढली आणि डब्याचं झाकण परत लावलं. मग अनिसानं प्रश्नातली एकेक गोष्ट बदलून बघायला सुरुवात केली. कार्ड असलेलेच दाखव, ही अट काढली. नाहीत. पॅकिंग खात्याची अट घातली. नाहीत. शेवटी प्रश्नात एकच गोष्ट उरली, शोध कुठून सुरू करायचा. ती एक पायरी वर सरकली आणि तिनं खोडापासून विचारलं.

पाणीघराच्या नावानं कुणी हा प्रश्न विचारील, याची मी त्या पहिल्या संध्याकाळपासून वाट पाहत होतो. वच्छलाबाई आल्या आणि त्यांच्याबरोबर लागलेल्या सगळ्या बायकाही आल्या.

"सर, घरातले मोजा म्हटलं तर आपण बैठकीतले मोजले," अनिसा म्हणाली. "ओसरीवर बसलेले राहिले. पण हे पाहुणे कोण?"

"पाहुणे? कुणाचे?"

हे सांगू शकेल असा माणूस एकच होता. व्यंकटरावांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्यांनी तात्पुरत्यांची आणि पाडव्याची सगळी हकिकत सांगितली. मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे त्या अजून पाहुण्याच आहेत?"

"हो काका."

"आणि जार?"

"जार कामगारांना आहे. पाहुण्यांना नाही."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हिमांशू," व्यंकटराव म्हणाले, "दारात आलेल्या पाहुण्याला आधी पाणी देतात हो. मी म्हणून तर ते नाव ठेवलं होतं."

दुसऱ्या दुपारी ते रिक्षा करून आले. हातात पिशवी होती. माझ्यासमोर बसले, चष्मा पुसला आणि एका बोटानं टाइप करत एकेका बाईला पाहुण्यांच्या फांदीवरून कामगारांच्या फांदीवर नेलं. हिमांशू साहेब म्हणाले, हे सगळं एका आज्ञेत होतं काका. व्यंकटराव म्हणाले, असेल. त्यांनी प्रत्येकीचं नाव मोठ्यानं वाचलं. अनिसानं पाणीघराचा प्रश्नही बदलला. यापुढं ते यंत्र मला खोडापासून विचारणार होतं. आणि त्या दिवशी सकाळची वाट न बघता तिनं यंत्राला लगेच विचारायला लावलं.

सुट्टी झाली. कडुबानं स्वतः जाऊन वच्छलाबाईंना भिंतीमागून रांगेत आणलं. कार्ड लागल्याचा आवाज झाला.

"लागला," वच्छलाबाई म्हणाल्या.

"लागला मावशी. उचला, मागं माणसं हायेत."

व्यंकटरावांनी पिशवीतून साखरेची गाठी काढली. पाडवा होऊन महिना उलटला होता, बाजारात गाठी नव्हती. घरच्या गुढीला बांधलेलीच तोडून आणली होती. तिला थोड्या मुंग्याही होत्या, असं कडुबा नंतर म्हणाला.

"उशीर झाला," व्यंकटराव म्हणाले.

"व्हय," वच्छलाबाई म्हणाल्या. "झाला."

त्यांनी गाठी पदराला बांधली, जार कमरेवर घेतला. मग म्हणाल्या, "सासूला पाणी नेते आधी. उद्या बोलू." आणि निघाल्या. सोयगावला त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, कारण ते भोकापासून लांब झालं.

पाहुण्यांची फांदी आता रिकामी होती. हिमांशू साहेब ती पुसायला निघाले.

"असू द्या," व्यंकटराव म्हणाले. "आल्यागेल्याला टेकायला जागा लागते."

पुढं पाऊस पडला. शहर आणखी वाढलं. बजाजनगरची शाखा मोठी झाली आणि माणसं आठवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आता माणसं ढगात ठेवतात म्हणे. मराठवाड्यात राहून ढगावर भरवसा ठेवणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली, पण मला कुणी विचारलं नाही. अनिसानं माझ्यातली सगळी माणसं खोडापासून नेली. कुणी राहिलं नाही ना, हे दोनदा पाहिलं. मग मला बंद केलं. एसी बंद झाला. कडुबानं बादली उचलली.

बंद असून मी हे कसं सांगतो, असं वाटेल. खरं आहे. विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि बंद असल्यावर मुळीच नाही. तरी इतकं बोललो, त्याअर्थी तुम्ही विचारलं असणार. आभारी आहे.

सध्या मी खोक्यांच्या कोठीत असतो. दर मिनिटाला "जिवंत आहेस का" विचारणारं ते यंत्र आता विचारत नाही. तो प्रश्न मला आवडत होता हे इथं आल्यावर कळलं. पोटात माणूस नाही. फक्त एक फांदी आहे, रिकामी, तिच्यात काही नव्हतं म्हणून ती कुणी नेली नाही.

मित्रांनो, कुणी तुम्हाला यादी दाखवून "सगळे आले, काही चूक नाही" म्हणालं, तर एवढंच विचारा, की बघायला सुरुवात कुठून केली. आणि एखादा माणूस दिव्यासमोर गप्प उभा दिसला, तर त्याला कार्ड पुसायला सांगण्याआधी पाणी द्या.

गेल्या आठवड्यात वच्छलाबाई खोकी न्यायला कोठीत आल्या होत्या. पॅकिंगच्या मुख्य आहेत आता. बरोबर कडुबा होता. घरून सासूचा फोन आला, तेव्हा त्या म्हणत होत्या, "आत्याबाई, तांब्या भरून ठेवलाय, तो संपवा आधी." मग दम खायला माझ्याशेजारी टेकल्या, पेल्यात पाणी ओतलं, दोन घोट घेतले आणि पेला माझ्या डोक्यावर ठेवला.

"मावशी, त्याच्यावर पाणी ठेवू नगा. त्याला चालत नाय."

"कोण हाय हा?"

"ओळखलं नाय? ह्याच्याच मागचं पाणी नेत होता तुम्ही बाटलीत."

वच्छलाबाईंनी पदरानं माझ्यावरची थोडी धूळ पुसली. पेला उचलायला हात केला, मग तसाच राहू दिला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पाव्हणाच हाय आता."

खोकी घेऊन ते गेले. पेला अजून माझ्यावर आहे. निम्मं पाणी उडून गेलंय, निम्मं आहे. मित्रांनो, कोठीत आलात तर तो पेला तेवढा उचलू नका.